एका अंगुलाचा फरक

१

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता शोभा मिसनी शिकण्याच्या खोलीतलं कपाट उघडलं, फळीवरचं लाल फडकं उचललं, आणि ते हाताला अगदीच हलकं लागलं. आत वही नव्हती.

फडकं रोजच्यासारखंच चारी कोपरे आत दुमडून ठेवलेलं होतं. कुलूप शाबूत होतं. वहीच्या जागी फळीवर कुंकवात माखलेले तांदळाचे दाणे ओळीने मांडलेले होते. मिसनी मोजले. पाच होते.

त्या खुर्ची ओढून बसल्या. ज्ञानशोभा ताम्राकार यांनी चौतीस वर्षं नेपाळातल्या ललितपूरच्या मुलींना भूमिती शिकवली होती आणि त्या सहज हादरणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण आज त्यांना बसावं लागलं.

निवृत्त झाल्यावर गेली तीन वर्षं त्या पलेस्वां संग्रहालयातली ही खोली सांभाळत होत्या. बाकीच्या दालनांत देव काचेआड असायचे. इथे मुलांनी मूर्तींच्या नकला हातात घ्यायच्या, पाट्यावर रंग घोटायचा, या देवीच्या हातातलं कमळ निळंच का ते विचारायचं. चौकातल्या मूर्तीला वळसा घालून रोज शाळेत जाणारी पोरं इथे आल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघायला शिकायची.

नाहीशी झालेली वही हर्षलाल चित्रकारांची होती. पौभा, म्हणजे कापडावरचं देवचित्र, रंगवण्यात ललितपुरात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. जाड, हाताने बनवलेल्या लोक्ता कागदाच्या घडीच्या वहीत त्यांनी सोळा देवतांची मापं स्वतःच्या हाताने आखून ठेवली होती. चेहरा किती अंगुलं, गळा किती, छातीपासून बेंबीपर्यंत किती. त्या वहीवरून चाळीस शाळांसाठी एक पुस्तिका निघायची होती. आज अकरा वाजता पानांचे फोटो काढणारा येणार होता. रविवारी चाळीस शिक्षक येणार होते, आणि त्यांतले दूर डोंगरातल्या मुगू-जुम्ल्याचे तर कालच घरून निघाले होते.

"पोलिसांत द्यावं लागेल, मिस," संग्रहालयाचे प्रमुख पुष्कर माथेमा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून तिसऱ्यांदा पुसला. "वही आपली नाही. हर्षलाल दाजूंच्या पुतण्याने विश्वासाने दिलेली आहे. बिकेश ही खोली बंद करायला लावेल, आणि त्याचं चुकणारही नाही."

"मला उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वेळ द्या. फोटोवाल्याला पुढे ढकला."

"तुम्ही काय करणार?"

"मुलींना सांगायचे तेच. काय दिलंय ते आधी लिहायचं, मग सिद्ध करायला घ्यायचं."

दिलेलं फार नव्हतं. बुधवारी दोन ते चार मिस दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दोन तासांत तिघे जण येऊन गेले. बहालाचे, म्हणजे चौकाभोवतीच्या जुन्या बौद्ध विहाराचे, पुजारी गुरुजू दोन वाजता. पुतण्या बिकेश अडीचला. आणि रंग घोटून दाखवणारी हर्षलालांची मुलगी केशरी तीनच्या पुढे, वाट्या धुवायला.

लिहून झाल्यावर मिसनी पुन्हा कपाटात डोकं घातलं. वरच्या फळीवर सोन्याच्या रेषांचा दीडशे वर्षांचा पौभा गुंडाळलेला होता. त्याला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. खालच्या फळीवर मंगळवारच्या चाचणी-वर्गाच्या कागदांचा गठ्ठा असायला हवा होता. हरिततारेचं, म्हणजे हिरव्या रंगातल्या करुणेच्या देवीचं, पान मिसनी स्वतः वहीवरून पट्टीने आखून त्याच्या प्रती काढल्या होत्या. आता ती फळी रिकामी होती.

सोनं चोराला नको होतं. त्याने झेरॉक्स नेले होते.

२

गुंला हा बौद्धांचा पवित्र महिना सुरू होता, त्यामुळे बहालाच्या चौकात जुन्या मूर्ती आणि पौभे दर्शनाला मांडण्याची गडबड होती. गुरुजू सुवर्णमुनी वज्राचार्य ओट्यावर बसून पोरांना दोऱ्या कुठे बांधायच्या ते सांगत होते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून तसाच.

"चोर धरायला निघालीस म्हणे," गुरुजू म्हणाले. "ये, बस. हा उडदाच्या डाळीचा बारा खा आधी, गरम आहे. उपाशीपोटी धरलेला चोर निसटतो."

"गुरुजू, लोक तुमचं नाव घेतायत."

"घेणारच. पोरांच्या दप्तरात देवांची मापं कोंबू नका म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो होतो."

हे खरं होतं. वहीतल्या सोळा देवतांपैकी दोन गुप्त, फक्त दीक्षा घेतलेल्यांनी पाहायच्या. गुरुजू त्यावरून दोन महिने रुसले होते. शेवटी त्या दोन घड्या पिवळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या, उघडायच्या नाहीत, फोटो तर नाहीच, असं ठरलं. बुधवारी ते दोरे बांधायलाच आले होते.

मिसनी रुमालात बांधलेले दाणे त्यांच्यासमोर धरले.

गुरुजूंनी ते बराच वेळ पाहिले. "पाच बुद्धांचे पाच. वस्तू उचलायची आहे, पण उचलणं पाप आहे हेही कळतंय, असा माणूस हे ठेवतो. ही माफी आहे."

"तुम्ही ठेवले असते?"

"मी कशाला माफी मागू? मी वही घेतली असती तर तुझ्यासमोर घेतली असती, वर चार शब्द ऐकवून."

मिसना हसू आलं. माणूस तसाच होता. शिवाय हरिततारेचं स्तोत्र तर चौकातली चार वर्षांची पोरही गुणगुणते. तिचं पान लपवण्यात गुरुजूंना काहीच नव्हतं. त्या उठायला लागल्या तसे गुरुजू म्हणाले, "एक ऐकून जा. हर्षलाल एकदा मला म्हणाला होता, 'गुरुजू, वहीवरून देव काढता आला असता तर माझ्या बांनी मला बारा वर्षं समोर बसवून का रडवलं असतं?' मी तेव्हा हसण्यावारी नेलं. काल दोरे बांधताना मला ते आठवलं आणि हात थांबला."

"का थांबला?"

"ते मला कळलं असतं तर मी पुजारी कशाला झालो असतो? तू गणितवाली. तू बघ."

३

बिकेश चित्रकाराचं दुकान चौकापासून पन्नास पावलांवर. मिस आत शिरल्या तेव्हा तो कागदावर तक्रार लिहीत होता.

"मिस, माझा राग तुमच्यावर नाही," तो म्हणाला. "माझी बहीण तुमच्या हाताखाली शिकली. पण वही गेली ती तुमच्या कपाटातून. आणि नेली कुणी हे आंधळ्यालाही दिसेल. गुरुजूंनी."

"तू बुधवारी कशाला आला होतास?"

"फोटोच्या दिव्यांनी कागदाला काही होईल का, ते बघायला. मी वही हातात घेतली. व्यवस्थित होती. दोन घड्यांना पिवळे दोरेही बांधलेले होते."

"म्हणजे गुरुजू निघून गेले तेव्हा वही जागेवर होती."

बिकेशने अर्ध्या लिहिलेल्या तक्रारीकडे पाहिलं. मग म्हणाला, "परत आले असतील."

"ऐंशी वर्षांचा माणूस एका दुपारी तो जिना दोनदा चढला? माझे गुडघे एकदाच चढतात."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याचा आवाज जरा उतरला. "मिस, काकांनी मला दिलेली ती एकच गोष्ट आहे. मी तरुणपणी पाच वर्षं त्यांच्यासमोर बसलो, मग दुकान टाकलं. म्हटलं, पुढचं नंतर शिकू. शेवटची सहा वर्षं तर त्यांचे हात असे थरथरायचे की चहाचा पेलाही आमची केशरीतता धरायची. शिकवणार कसे? म्हणून मी वहीवरून शिकलो. या भिंतीवरची प्रत्येक रेघ वहीबरहुकूम आहे, कुठेही मोजा."

भिंतीवर सात हरिततारा होत्या. रंग सुरेख, डोळे त्याहून सुरेख. तरी मिसना काहीतरी खटकलं. वर्गात नाव पुकारल्यावर ताडकन उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या त्या दिसत होत्या. दया करायला बसलेली देवी अशी बसत नाही. पण नक्की कुठे बिघडलंय ते बोट ठेवून सांगता येईना.

त्यांना नऊ वर्षांची शोभा आठवली. ताम्राकारांच्या आळीत तांबं ठोकायचा आवाज दिवसभर चालायचा, आणि त्यातून सुटायला ती हर्षलालांच्या माडीवर पळायची. तांबं ठोकणाऱ्यांच्या पोरीला चित्रकाराने हाकलून द्यायला हवं होतं. त्यांनी तिच्या हातात खडूत बुडवलेल्या दोऱ्याचं टोक दिलं. "ताणून धर, पोरी. ही मधली रेघ. ही चुकली तर देव कलतो." दोरा कापडावर टपकन आपटला आणि सरळ रेघ म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. पुढे चौतीस वर्षं, दर वर्षी भूमितीच्या पहिल्या तासाला, त्या मनातल्या मनात त्या माडीला हात जोडत आल्या होत्या.

"उद्या पाच वाजता ही तक्रार देणार, मिस," बिकेश म्हणाला.

"दे. पण एक सांग. हरिततारेचे झेरॉक्स तुला लागले असते का?"

"मला? माझ्या भिंतीवर सात आहेत की."

४

शुक्रवारी सकाळी मिस शिकण्याच्या खोलीत एकट्याच बसल्या. चोराने कपाटातले कागद नेले होते, पण मुलांची चित्रं भिंतीवरच होती. मंगळवारच्या वर्गात एकवीस मुलांनी मिसच्या त्या झेरॉक्स सराव-कागदावरून हरिततारा काढली होती. कुणाचं नाक वाकडं, कुणाचं कमळ कोबीसारखं. चोराला ती काढून घ्यायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्याने ती राहू दिली होती.

मिस एकेका चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना तेच जाणवलं जे दुकानात जाणवलं होतं. एकवीस मुलांच्या एकवीस देव्या, आणि त्यांतल्या वीस ताडकन उठून उभ्या राहिलेल्या.

एक तेवढी तशी नव्हती. कोपऱ्यातली, प्रार्थना महर्जनची. कमळ तिचंही कोबीसारखंच होतं. पण देवी मात्र निवांत बसून ऐकत होती.

मिसनी कंपासपेटी उघडली. देवचित्रात चेहरा नेहमी बारा अंगुलांचा धरतात. म्हणजे चेहरा मोजून बाराने भागला की त्या चित्राचं अंगुल मिळतं, मग चित्र नखाएवढं असो की भिंतीएवढं. त्यांनी डिव्हायडर घेतला आणि वीस चित्रं मोजली. पोरांचे हात हलले होते, पण सरासरी वहीतल्या मापाशी जुळली; ते पान स्वतः आखल्याने मापं त्यांना पाठ होती. मग प्रार्थनाचं मोजलं. सगळं जुळलं, फक्त गळा जुळला नाही. एका अंगुलाचा फरक.

त्या तशाच डिव्हायडर हातात घेऊन वरच्या दालनात गेल्या. तिथे हर्षलालांची शेवटची हरिततारा काचेआड होती. पाटीवर साल होतं, त्यांच्या मृत्यूच्या तीन वर्षं आधीचं. मिसनी काचेवर टोकं ठेवून चेहरा मोजला, गळा मोजला, आणि पुन्हा एकदा मोजला. वहीतल्या मापापेक्षा एका अंगुलाचा फरक. प्रार्थनाच्या चित्रात होता तोच, तेवढाच.

त्या दालनातल्या बाकावर टेकल्या. हर्षलालांची वही एक सांगत होती आणि हर्षलालांचं चित्र दुसरंच. आणि कोणत्याही गुरूकडे न शिकलेली अकरा वर्षांची मुलगी ते बरोबर कसं काढते?

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. दीड वाजता प्रार्थना दप्तर सांभाळत आली.

"मिस, माझं चुकलंय ना?" तिने आत येता येता विचारलं. "सगळ्यांचं एकसारखं आलंय, माझंच वेगळं."

"तू कागदावर होतं तसं काढलं नाहीस?"

"काढलं होतं. पण केशरी आजी रंगाची वाटी घेऊन मागे उभ्या होत्या. त्या खूप वेळ बघत बसल्या. मग त्यांनी माझा गळा पुसला. म्हणजे देवीचा. माझ्या हातावर हात ठेवून नवी रेघ काढली." प्रार्थनाने मान खाली घातली. "म्हणाल्या, कुणाला सांगू नको, मिसना वाईट वाटेल."

५

केशरीच्या माडीवर हिरव्या रंगाचा घोटा पाट्यावर फिरत होता. चंद्रकेशरी चित्रकार अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची, बारीक चणीची. बोटांच्या पेरांत रंग इतका मुरलेला की तो आता कातडीचाच वाटायचा. मिसना दारात पाहून तिने घोटा थांबवला नाही.

"बसा, शोभातता. चहा टाकते."

"चहा नंतर. तुला एक गोष्ट सांगते, कुठे चुकली तर सांग."

मिस दारातच उभ्या राहून बोलल्या.

"ज्याने वही नेली त्याने माझे सराव-कागदही नेले. विकायला कुणी झेरॉक्स नेत नाही. त्या कागदावरून कुणी काही काढू नये, एवढंच त्याला हवं होतं. गुरुजूंना हरिततारेचं वावडं नाही. बिकेशला वही अगदी बरोबर वाटते, तो रोज तिच्यावरून काढतो. म्हणजे वहीतलं माप चुकीचं आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच हे केलं. ते माहीत असणारा एक हात मला सापडला. तुझ्या बांचं शेवटचं चित्र. पण त्या साली बांना पेला धरवत नव्हता, केशरी. मग तो गळा कुणी काढला? आणि मंगळवारी प्रार्थनाचा कुणी पुसला?"

घोटा थांबला.

केशरी उठली, कोपऱ्यातली रंगांची लाकडी पेटी उघडली, आणि वरच्या पुड्या बाजूला करून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली वही बाहेर काढली. खाली झेरॉक्सचा गठ्ठा होता, एकही कागद न मुडपलेला. दोन घड्यांवरचे पिवळे दोरे तसेच होते.

"प्रत्येक पानावर एकच माप चुकीचं आहे," ती म्हणाली. "बांनी मुद्दाम लिहिलंय. त्यांच्या बांनीही तसंच केलं होतं. वही कुणाच्याही हाती पडू शकते. खरं माप तोंडाने द्यायचं, समोर बसलेल्याला. बा जाताना मी त्यांच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला. कागदावर कधी नाही, समोर न बसलेल्याला कधी नाही."

"निदान चूक आहे एवढं तरी मला सांगायचंस."

"चूक आहे म्हटलं की बरोबर काय ते तुम्ही विचारणार. आणि बांच्या वहीत चूक आहे असं चारचौघांत कोणत्या तोंडाने म्हणू?" तिने वहीवरून हात फिरवला. "मंगळवारी एकवीस पोरं खाली मान घालून तो गळा काढत होती. इतक्या मनापासून. जीभ बाहेर काढून. मला बघवेना. उद्या चाळीस शाळांतली पोरं तसाच काढतील, त्यांची पोरंही तसाच काढतील. मग कधीतरी तोच बरोबर ठरेल. मला दुसरं काही सुचलं नाही, शोभातता. पाच दाणे ठेवून माफी मागितली. देवाची, बांची, आणि तुमचीही."

"बिकेशला का नाही सांगितलंस? घरचाच तो."

"तो वही मागायला आला. बसायला नाही आला. बा वाट बघत होते त्याची."

"मग दुसऱ्या कुणाला?"

केशरी पहिल्यांदाच हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "माझ्यासमोर बसलंय कोण आजवर? मी रंग घोटणारी."

खालच्या चौकातून गुंलाच्या झांजा वाजत गेल्या. मिसनी छत्री भिंतीला टेकवली. चपला काढल्या. मग एक हात उंबऱ्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून, सहासष्ट वर्षांचं शरीर हळूहळू खाली उतरवत, त्या केशरीसमोरच्या चटईवर मांडी घालून बसल्या.

"मी बसलेय," त्या म्हणाल्या. "तुझ्या बांनी मला दोऱ्याचं टोक दिलं होतं. पुढचं तू दे."

केशरीने तोंड फिरवलं. मग तिने पदराने हात पुसले, मिसच्या समोर बसली आणि अगदी हळू आवाजात पहिलं माप सांगितलं. मिसनी डिव्हायडरने काढलेला आकडा तोच होता. तरी तो ऐकताना त्यांना असं वाटलं की आपल्याला तो आत्ताच कळला.

सोळांपैकी चौदा मापं सांगून होईपर्यंत चहा राहूनच गेला.

६

पाच वाजता माथेमांच्या खोलीत बिकेश तक्रारीचा कागद घेऊन बसला होता आणि गुरुजू त्याच्याकडे मुद्दाम न बघता खिडकीतून पाहत होते. केशरीने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी नेली होती."

मिसनी बाकीचं सांगितलं. सांगताना कोणतंही खरं माप त्यांनी तोंडातून काढलं नाही. ते या गोष्टीतही कुठे लिहिलेलं नाही.

बिकेशने वही जवळ ओढली. सगळ्यांना वाटलं, आता तो भडकणार. पण तो फक्त म्हणाला, "दहा वर्षं, तता. दहा वर्षं मी चुकीच्या गळ्याची देवी काढली. काकांनी मला सांगावं एवढाही मी लायक नव्हतो?"

"ते रोज संध्याकाळी जिन्याकडे बघायचे," केशरी म्हणाली. "पावलं वाजली की विचारायचे, बिकेश का? तू आला असतास तर त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं. आणि डोळे तू माझ्यापेक्षा चांगले काढतोस. ते वहीत नाहीत, तुझे आहेत."

बिकेशने तक्रारीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खिशात टाकली. "आता आलो तर चालेल का?"

"रविवारी सकाळी ये. मागे बसावं लागेल, पुढे शिक्षक असतील."

मार्ग मिसनी आणि केशरीने येता येता रस्त्यातच काढला होता. पुस्तिका निघायची ती निघणारच. दोरा बांधलेली दोन पानं सोडून चौदा देवता तिच्यात येणार. पण प्रत्येक पानावर एक माप रिकामं राहणार, आकड्याच्या जागी नुसती चौकट. शिक्षकांनी ती मापं केशरीसमोर बसून घ्यायची आणि शाळेत मुलांना समोर बसवून द्यायची. कागदावर काही नाही, आणि समोर न बसलेल्याला काही नाही. दिलेला शब्द तंतोतंत पाळला जात होता.

माथेमांनी चष्मा पुसला. "अर्धवट छापलेली पुस्तिका. वरचे लोक काय म्हणतील?"

"मला विचारलंत तर यात पहिल्यांदाच काही अर्थ आलाय," गुरुजू खिडकीतून वळत म्हणाले. "पोर कागद घेऊन घरी जाईल, पण एका रेघेसाठी त्याला माणसाकडे यावं लागेल. दोन महिने मी हेच ओरडत होतो. मला फक्त नीट सांगता येत नव्हतं."

"तुम्ही शिव्याच जास्त दिल्यात, गुरुजू," मिस म्हणाल्या.

"त्या मला नीट येतात."

रविवारी शिकण्याच्या खोलीत चाळीस शिक्षक मावेनात, म्हणून चौकात चटया घातल्या. कुणी तराईतले, कुणी डोंगरातले, कुणाच्या पायांत अजून प्रवासाची धूळ. मागच्या रांगेत बिकेश होता, नवी वही मांडीवर घेऊन. माथेमा उभे राहून बघत होते, पण अर्ध्या तासाने तेही कोपऱ्यात बसले. केशरी आधी इतकी हळू बोलली की मिसना दोनदा सांगावं लागलं, आवाज वाढव. दुपारपर्यंत तिला ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती. ती रांगांमधून फिरत होती, वाकून खोडत होती, हातावर हात ठेवत होती.

मुगूहून आलेले धनराज रोकाया नावाचे एक वयस्क शिक्षक सगळ्यांत शेवटी उठले. त्यांच्या गावाच्या वर एक जुनी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, होती. तिच्या भिंतीवर ही देवी होती, आणि बावीस वर्षं ते तिच्याखालून शाळेत जात आले होते.

"मी मुलांना सांगायचो, नमस्कार करा," ते म्हणाले. "ती कोण, तिचा एक पाय खाली का, हे मलाच माहीत नव्हतं. विचारायला माणूस नव्हता. आता परत गेलो की आधी मुलांना तिथे घेऊन जाणार. गुरुमा, तुमचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही."

गुरुमा हा शब्द ऐकून केशरी मिसकडे बघायला लागली. मिसनी नजर दिली नाही, त्या चटयांची घडी घालायला लागल्या होत्या. तसं न करता त्यांच्याच्याने तिथे उभं राहवलं नसतं.

"फेडायचं काही नाही," केशरी म्हणाली. "नीट शिकवा म्हणजे झालं."

"पण मुलं विचारतील, सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं. काय सांगू?"

केशरीने लगेच उत्तर दिलं, "हर्षलाल चित्रकारांनी, असं सांगा." मग ती थांबली. इतक्या वर्षांत तिने ज्या कापडांवर डोळे लावून काम केलं होतं त्यांच्या कोपऱ्यात एकच नाव लिहिलेलं होतं, आणि तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. आजही वाटत नव्हतं. पण समोरचा माणूस पेन उघडून उभा होता.

"आणि त्यांच्या मुलीने," ती म्हणाली. "चंद्रकेशरी चित्रकार. लिहून घ्या."

रोकाया सरांनी वहीच्या पहिल्या पानावर, अगदी वर, सावकाश लिहिलं. केशरीने वाकून पाहिलं.

"केशरीतली वेलांटी दुसरी आहे, सर," ती म्हणाली, आणि त्यांनी ती दुरुस्त करेपर्यंत तिथेच उभी राहिली.